अस्सल बर्मा सागवान

आमच्या घरातलं ड्रेसिंग टेबल अस्सल बर्मा सागवानाचं आहे, हे मला पाढ्यांच्याही आधी पाठ होतं. आजोबा पिंपरीच्या एका कंपनीत स्टोअरला होते, त्यांनी आजीसाठी ते करून घेतलेलं. हे टेबल विकलं तर चाकणला जमीन येईल, असं आत्या म्हणायची. तेव्हा चाकणला कांदा सोडला तर कशालाच भाव नव्हता, ही गोष्ट वेगळी.

टेबलावर रंगाचे तीन थर होते. तळाशी चॉकलेटी, मग पोपटी, वर आकाशी. आमच्याकडे टेबलासाठी म्हणून रंग कधी आणलाच नाही, दर दोन-तीन दिवाळ्यांनी खिडक्यांचा उरेल तो त्याला फासला. आता त्यालाही पोपडे सुटले होते. मधला खण पावसाळ्यात फुगून बसे तो दसऱ्याला उघडे. आरशाचा पारा उडाला होता.

"बाबा, याला रस्टिक फिनिश देऊ या," लेक म्हणाली आणि मोबाइलवर एक टेबल दाखवलं. कडा खरवडलेल्या, कोपऱ्यांतून आतलं लाकूड दिसतंय.

"मग आपलं तसंच तर आहे!"

"छे! आपलं जुनाट दिसतं. जुनं दिसायला हवं."

हा फरक मिस्त्रींना समजावायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे आधी नवं करायचं, मग जुनं करायचं?"

"हो."

"मग मजुरी डबल. कामं दोन झाली."

श्रावणात काम काढलंत, रंग वाळायचा नाही आणि चपडा पॉलिश मारलं तर दमट हवेत पांढरं पडेल, हेही त्यांनी बजावलं. बजावून ते दुसऱ्या कामावर गेले. खरवडणं आमच्या वाट्याला आलं. जुन्या ऑइल पेंटात शिसं असू शकतं, म्हणून मास्क लावून, पाणी मारत घासायचं. हातात पत्री आणि ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. दोन दिवसांत माझ्या बोटांचे ठसे गेले, आधार कार्डाचं काम तेवढं लांबणीवर टाकलं.

तिसऱ्या दिवशी डाव्या फळीचा चॉकलेटी थर निघाला आणि खालून एक छत्री बाहेर आली. काळी, उघडलेली. शेजारी एक ग्लास, वर तोंड केलेला बाण, आणि रोमन लिपीतली अर्धवट अक्षरं.

"बाबा, हे जर्मन आहे."

मिस्त्रींनी फळी नखाने टोकरली, वास घेतला. "खोक्याचं लाकूड. पाइन. मशिनी येतात ना यातून."

आजोबा स्टोअरला होते, याचा अर्थ मला असा उशिरा लागला. सागवानाची निघाली ती फक्त वरची फळी. चाकणच्या भंगारवाल्यांकडे आजही असलं लाकूड मिळतं, पण त्यावर 'एचटी'चा शिक्का असतो: ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं शेकलेलं, कीड मेलेली. आमच्या लाकडाला तो शेक मिळालेला नसावा. त्यातली कीड सहकुटुंब आली आणि आमच्याकडेच स्थायिक झाली. आरशाचं मूळही तिकडचंच. त्यात पारा नसतो, चांदी असते, आणि काचेवर चांदी चढवायची रीत लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली काढली. म्हणजे टेबल पुढून-मागून जर्मनच!

मग रंग. पहिला हात गडद निळा. तो वाळल्यावर कडांना, कोपऱ्यांना, मुठींभोवती मेणबत्ती घासायची आणि वरून फिका हात द्यायचा. मेणावर रंग धरत नाही. पेपर फिरवला की तेवढाच निघतो आणि खालचा निळा डोकावतो. "मेण आम्ही खण सरकायला लावतो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी लावलं, आणि मधला खण भर पावसात उघडला. त्यात माझं आठवीचं प्रगतिपुस्तक होतं. मी ते लेकीच्या हाती लागू दिलं नाही.

तसा आमच्या गावालाही हा फिनिश आहेच. हुतात्मा राजगुरू १९०८ साली इथल्या भीमाकाठच्या वाड्यात जन्मले; त्यांचं नाव गावाने अभिमानाने घेतलं. एसटीच्या पाटीवर राजगुरुनगर असतं. पण सातबाऱ्यावर तालुका खेडच, आणि चाकणला कुणी "कुठले?" विचारलं की तोंडातून आधी खेडच निघतं. खालचा हात कडांना दिसतोच.

दसऱ्याला आत्या आली. टेबलाभोवती एक फेरी मारली, कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"एवढं सागवान, पॉलिश करायचं सोडून रंग कसला फासलात? आणि तोही पुरला नाही वाटतं. मला सांगायचं होतं, खिडक्यांचा उरलाय माझ्याकडे."

छत्रीवर रंग द्यायला लेक शेवटपर्यंत तयार झाली नाही. ती बाजू भिंतीकडे केली आहे. आमच्याकडे कधी आलात तर टेबल सरकवू नका, आत्यासमोर तर अजिबातच नको.