हास्यसम्राट, मुक्काम पोस्ट सातारा-सांगली

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून किती सम्राट नांदतात, हे पाहायचं असेल तर गणपतीत पोवई नाक्यापासून मिरजेपर्यंतचे फ्लेक्स वाचत जावं. तालुक्याला एक हास्यसम्राट असतोच. झी मराठीवर त्या नावाचा कार्यक्रम येऊन गेला, तेव्हापासून ही पदवी ज्यानं त्यानं स्वतःच घ्यायची असते. फ्लेक्सच्या मधोमध आमदार, शेजारी गॉगल लावलेले दादा, खाली मंडळाची सगळी पोरं, आणि कोपऱ्यात, मंडपवाल्याच्या मोबाइल नंबरच्या जरा वर, सम्राट. इन्स्टाग्रामवर तो स्वतःला 'स्टँडअप कॉमेडियन' म्हणवतो. गावात त्याला 'जोक सांगणारं पोरगं' म्हणतात. वय चाळिशीला टेकलं तरी पोरगंच.

तो जन्मला कुठल्याही वाडीत असो, कलावंत म्हणून त्याचं बारसं शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात होतं. निळू फुले, नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे एका दमात काढून त्यानं कधीतरी नंबर मिळवलेला असतो. त्या प्रमाणपत्राचं लॅमिनेशन अजून बॅगेत आहे. पुढं तो पुढाऱ्यांच्या नकलांकडे वळतो, आणि तिथं त्याला भूगोल शिकावा लागतो. उदयनराजेंसारखी कॉलर उडवायला सांगलीत काहीच अडचण नाही. साताऱ्यात ती उडवण्याआधी पहिल्या रांगेत कोण बसलंय ते बघून घ्यावं लागतं. जयंत पाटलांच्या मिश्कीलपणाची नक्कल कराडपर्यंत रंगते. इस्लामपुरात ती करताना आवाज आपोआप आदरयुक्त होतो. थोडक्यात, सांगली जिल्ह्यातलं कासेगाव आलं की एसटीतल्या एसटीत त्याच्या जोकमधला पुढारी बदलतो.

आपण काहीतरी नवं करतोय, असं त्याला वाटतं. वाटू द्यावं. पण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या नाटकाच्या परंपरेत सूत्रधाराशी हुज्जत घालणारा विदूषक सुरुवातीलाच येतो. म्हणजे राम-सीतेच्या आधी या मातीत विनोदवाल्याची एंट्री आहे. आणि सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू? लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगातल्या हवालदारांची नावं त्यांना अशी चिकटली की खरी नावं मागे पडली. एकसारखी दोन तोंडं, एकसारखा वेष आणि न संपणारी सवाल-जवाबी. समोरच्या गर्दीतून कुणी वाकडं बोललं तर तेही खेळात ओढून घ्यायचं आणि बोलणाऱ्याला गप बसवायचं. यालाच आता 'क्राउड वर्क' म्हणतात आणि त्याची तिकिटं ऑनलाइन विकली जातात. शिवाय आटपाडीकडच्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, मिरासदार आणि शंकर पाटील हे तिघं नुसत्या गोष्टी सांगून महाराष्ट्रभर सभागृहं भरवत होते. त्यांना कुणी स्टँडअप म्हटलं नाही, एवढंच.

मग सम्राट पुण्याला जातो. यूट्यूबवरचे 'भाडिपा'चे व्हिडिओ पाहून प्रत्येक सम्राट एकदा तरी जातोच. ओपन माइकला पाच मिनिटं मिळतात. तो माइक हातात घेऊन नुसतं 'व्हय, काय झालं...' म्हणतो आणि हशा होतो. जोक अजून वाटेत आहे, लोक आधीच हसून मोकळे. तो हरखतो. परतीच्या गाडीत स्टेटस टाकतो. माझ्या मते त्याच्या कलेला धोका सुरू होतो तो इथं, कारण आपल्या बोलण्यालाच विनोद समजायची सवय लागली की विनोद रचायचे कष्ट सुटतात. टीव्हीवरचा गावाकडचा माणूस बहुतेकदा असाच फुकटच्या हशावर जगतो.

आठ दिवसांनी तोच सम्राट खटाव तालुक्यातल्या एका यात्रेत उभा राहतो आणि 'व्हय, काय झालं' म्हणतो. समोर शांतता. इथं सगळेच 'व्हय' म्हणतात. त्यात हसायचं काय? पुढच्या रांगेतला म्हातारा टोपी सारखी करत म्हणतो, "फुडं बोल की." हे तीन शब्द म्हणजे आमच्या भागातली समीक्षा. पुढं काही असेल तर माणसं मांडी ठोकून हसतात. नसेल तर शेंगा फोडायला लागतात.

पोट कशावर चालतं म्हणाल, तर जोकवर नाही. नवरात्रात खेळ पैठणीचा, लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमाचं निवेदन, डिसेंबरात शाळांची गॅदरिंग, चैत्रापासून यात्रा. मधल्या काळात ऑर्केस्ट्राच्या गायिकेनं साडी बदलेपर्यंत वेळ काढणं. पाकीट मिळेलच असं नाही. शाल आणि श्रीफळ मात्र हमखास. घरात शालींची एवढी थप्पी की आईनं त्यांची गोधडी शिवली. स्थळं येतात तेव्हा बायोडाटात 'मंडप डेकोरेशनचा व्यवसाय' लिहितात. लग्न ठरलं की सासरेबुवाच हळदीचं निवेदन त्याच्याकडून फुकटात करून घेतात.

पावसाचं आणि त्याचं वाकडं आहे. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलत राहिले आणि त्या भिजण्याचा इतिहास झाला. सम्राट भिजला तर मंडळाची पोरं आधी स्पीकरवर ताडपत्री टाकतात. पण त्याचा मी ऐकलेला सर्वांत चांगला विनोद पाण्याचाच आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तो म्हणतो, सांगलीत कुणाला पत्ता विचारू नये. आयर्विनला किती फूट झाल्यावर तुमच्या घरात पाणी येतं तेवढं विचारावं, गल्ली आपोआप कळते. ज्यांच्या माळ्यापर्यंत पाणी चढलं होतं, ती माणसं या वाक्याला सगळ्यात मोठ्यानं हसतात आणि एकमेकांना आपापले फूट सांगू लागतात. पुण्यात हा जोक पडला होता.

तेव्हा यंदा कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांना विनंती एवढीच. शाल राहू द्या, पाकीट द्या, आणि तेही स्टेजवर जाण्याआधी. आणि त्याचा नंबर आमदारांच्या भाषणानंतर लावू नका. तोवर गाव जेवायला घरी गेलेलं असतं.