अहो, सोऱ्या मातीत गेला!

ऐकलंत का? आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भट्टी लागलीय. दारूची नाही हो, ती असती तर निदान काहींनी समजून घेतलं असतं. मातीच्या भांड्यांची! त्या चित्रकार वहिनी कॅनव्हास सोडून थेट चिखलात उतरल्यात. सभ्य माणसं जिथे कपडे वाळत घालतात त्या बाल्कनीत चाक मांडलंय. तेही सेकंडहँड. कुणा बाईंनी हौसेने घेतलं, चार महिन्यांत कंबर धरली, काढलं विकायला. एकीची फिटलेली हौस दुसरीने टेम्पोत घालून आणली!

भट्टीही तशीच, विजेची, आतल्या विटांचे टवके उडालेली. पहिली भाजणी 1000 अंशांच्या आसपास, झिलईची 1200च्या वर. आमच्याकडे गीझर आणि इस्त्री एकदम लावली तर फ्यूज उडतो! सेक्रेटरींनी मीटरपाशी खुर्ची टाकून बसायचं तेवढं बाकी ठेवलंय.

पण खमंग गोष्ट पुढेच आहे. कपांचे कान कशाने पाडतात? चकलीच्या सोऱ्याने! सासूबाईंच्या लग्नातला, पितळी. माती भरायची, दाबायचं, की सळसळीत वळी बाहेर. थाळ्या लाटायला लाटणं, खाली आजेसासऱ्यांचं धोतर, म्हणजे माती चिकटत नाही. झिलई घुसळायला जुना मिक्सर. (तो स्वयंपाकघरात परत येणे नाही, रसायनं असतात, एवढं सोवळं मात्र कडक.) सासूबाईंनी विचारलं, ‘दिवाळीच्या चकल्या कशाने पाडायच्या?’ तर उत्तर काय, ‘आणू की सेकंडहँड!’

परवा चहाला बोलावलं. कप तळहाताएवढा आणि एका अंगाला कललेला. ‘मोठाच केला होता, वाळून-भाजून आटला,’ म्हणाल्या. कुंभारवाड्यात असला कप चाकावरून उतरला असता तर भाजायच्या आधीच मोडून पुन्हा गाऱ्यात गेला असता. इथे त्याला नंबर लागलेत!

चहा ओतण्याआधी वहिनींनी कपावर टिचकी मारली. खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. मला एकदम तेरचे गोरोबाकाका आठवले, थापटण्याने संतांची डोकी वाजवून नामदेवांना कच्चं मडकं ठरवणारे. तेवढ्यात वहिनींनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

‘तुमच्या माळ्यावर जुनं पुरणयंत्र पडलंय ना हो? माती गाळायला हवं होतं.’

आणि मी चक्क ‘हो’ म्हणून बसले!