रेषेबाहेरचे नाना

तळा गावात कबड्डीचे सामने असले की पंच मैदानात असतात, गुणलेखक टेबलाशी असतो आणि नाना दोरीला टेकून असतात. पंचांचा निर्णय त्या सामन्यापुरता. नानांचा तहहयात. कोण बरा, कोण चांगला आणि कोण ‘आपला’, हा शिक्का फक्त त्यांच्याकडे. रायगड जिल्ह्यात मैदानं तितके नाना. आमच्या वाट्याला हे आले.

भात झोडून झालं, थंडी पडली की रात्रीचे सामने सुरू होतात. पाणी मारून चोपलेली माती, फक्कीच्या रेषा, वर हॅलोजन. नाना पायजमा, हाफ स्वेटर आणि माकडटोपी अशा गणवेशात हजर. माइकवरचा समालोचक घसा फोडत असतो, पण नानांच्या आजूबाजूची मंडळी नानांचं समालोचन ऐकतात. त्यात मागच्या तीस वर्षांचे सामनेही फुकटात मिळतात.

नानांना गुणांचं कौतुक नाही. परवा एका पोराने एकाच चढाईत तिघांना बाद करून लोण चढवला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. नाना म्हणाले, “चपळ आहे.” हा शब्द ते मांजरालाही वापरतात. “मग मोठा खेळाडू कोण, नाना?” असं कुणी विचारलंच, तर टोपी कानावरून वर जाते आणि ‘डावा कोपरा’ सुरू होतो.

हा डावा कोपरारक्षक गावचाच. खेळावर मुंबईत नोकरी लागली, कंपनीच्या संघातून खेळू लागला. पण गावचा सामना असला की रात्रपाळी बदलून, एसटीने इंदापूर फाट्याला उतरून, मिळेल त्या टेम्पोने तळ्यात हजर. एका अंतिम सामन्यात संघातला तो एकटा उरला. समोरचा चढाईपटू कोपऱ्याकडे सरकला, एक पाय हवेत, दुसऱ्याची टाच जराशी उचललेली. याने खाली बसून त्याच टाचेवर झडप घातली, घोटा धरला आणि पालीसारखा जमिनीला चिकटून राहिला. मध्यरेषा विताच्या अंतरावर राहिली. शिट्टी वाजली तेव्हा याचं बोट निखळलं होतं. ही मूळ आवृत्ती. पुढच्या वर्षी बोट मोडलं. आता हात प्लॅस्टरमध्ये असतानाच तो मैदानात उतरला होता, असं कळतं. चढाईपटूही दरवर्षी पाच किलोने भरतो. पुरुष गटाला वजनाची मर्यादा असते. नानांच्या गोष्टीला नाही.

तो सामना आपण जिंकलो का? हे विचारायचं नाही. हरलो होतो.

नानांचा मुंबईचा पुतण्या फुटबॉलवाला. त्याने एकदा नानांना तोत्ती सांगितला. रोम शहराचा पोरगा, १९९३ पासून २०१७ पर्यंत रोमाकडूनच खेळला, आणि इतक्या वर्षांत इटलीची लीग जिंकली फक्त एकदा, २००१ साली.

“दुसरीकडून बोलावणं नव्हतं?”

“होतं ना! रियल माद्रिदला हवा होता.”

“गेला नाही?”

“नाही.”

नानांनी तंबाखू मळायची थांबवली. “मग तो आपलाच.” लगेच इतिहास आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले. ठेवलेल्या बारांत आपला तळगड. “देण्याघेण्याच्या वेळी जो देत नाहीत, तो खरा!” तोत्तीला तळगडाच्या रांगेत बसवून नाना जेवायला गेले.

हा नियम पक्का समजून पुतण्याने त्यांना अनुप कुमारवर पकडायचा प्रयत्न केला. माणूस हरियाणाचा, यू मुंबाने घेतलेला. २०१५ चं प्रो कबड्डीचं विजेतेपद त्याच्या कप्तानीत आलं खरं, पण २०१८ मध्ये निवृत्त झाला तो जयपूरच्या जर्सीत. आणि हेच ते जयपूर, ज्यांनी २०१४ च्या पहिल्याच अंतिम सामन्यात यू मुंबाला हरवलं होतं! नाना ढिम्म. “लेक सासरी गेली म्हणून तिचं माहेर बदलतं का?” म्हणजे गावचाच हवा असं नाही, शेवटपर्यंत राहायलाच हवा असंही नाही. मग हवं तरी काय?

त्याचं उत्तर नानांच्या गोष्टी ओळीने ऐकल्या की सापडतं. डावा कोपरा फाट्यावर उतरला, तेव्हा टेम्पो कुणी थांबवला? नानांनी. निखळलेल्या बोटाला हळद-तेल कुणी चोळलं? नानांनी. अनुप कुमार बोनस घ्यायचा, तेव्हा टीव्हीसमोर “आता घेणार बघ” असं आधी कोण म्हणायचं? तोत्तीचा मुक्काम रोममध्ये असल्यामुळे नानांचा नाइलाज झाला, तरी तळगड मध्ये घालून त्यांनी तिथेही पाय ठेवलाच. गुण मिळवतो तो खेळाडू. ज्याच्या गोष्टीत आपल्याला उभं राहायला जागा मिळते, तो थोर. रोममध्ये पन्नास हजार नाना होते, एवढाच फरक.

हे त्या चपळ पोराच्या लक्षात आलं असावं. उपांत्य सामन्याआधी तो दोरीपाशी आला. घड्याळ, मोबाइल आणि गळ्यातली चेन काढून त्याने नानांच्या हातात ठेवली. “नाना, सांभाळा जरा. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.”

पोरगा त्या रात्री तीनदा पकडला गेला, संघ सात गुणांनी हरला. सकाळी चहाच्या टपरीवर नाना सांगत होते, “गुणांचं सोडा हो. पोरात काहीतरी आहे. काल माझ्याकडे चेन देताना हात बघितला मी त्याचा, जराही थरथरत नव्हता.”