साडेसहा कोटी वर्षांचे सर

भूगोलाचे निवृत्त सर साताऱ्यात पेठेपेठेला आढळतात. आमच्या पेठेतल्या सरांशी नुसतं "आज उकडतंय" म्हणा, ते साडेसहा कोटी वर्षं मागं जातात आणि तुम्हालाही ओढून नेतात. "उकडतंय? अहो, तेव्हा इथं दगड वाहत होता!"

अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवून एखाद्या पाहुण्यानं "हा ज्वालामुखीच ना?" असं विचारलं, की सरांचा चष्मा कपाळावर चढतो. "तोंड कुठंय त्याला? माथा बघा, सपाट!" इथं फुजियामासारखा सुळका कधी नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, लाव्हा पसरला, थरांवर थर चढले. पुढं पावसापाण्यानं आजूबाजूचं कोरून नेलं, उरला तो डोंगर. एवढं होऊनही पाच लाख चौरस किलोमीटर कातळ शिल्लक आहे. त्यातल्या थरांच्या एका मोठ्या गटाला भूवैज्ञानिकांनी वाईचं नाव दिलंय, हे सांगताना सर वाईचे नसूनही कॉलर ताठ करतात.

पसरणीच्या घाटात पर्यटकांच्या गाड्यांमागं एसटी अडकली, तर सरांचा हात खिडकीबाहेर. दोन काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो, जेमतेम हातभर. "हा बघा, झोपलेला ज्वालामुखी! लाव्हा थांबला, खडक कुजून माती झाली, ती पुढच्या लाव्ह्यानं भाजून काढली."

"किती दिवस झोपला होता, सर?"

"दिवस? हजारो वर्षं! घाई काय आहे?" आणि लगेच पुढं ओरडून, "ड्रायव्हरसाहेब, हॉर्न तरी वाजवा!"

हा ज्वालामुखी विझला कसा, हे सर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून समजावतात. पृथ्वीच्या पोटातला तापलेला खडक वर सरकला की त्यावरचा दाब उतरतो, आणि तो वितळतो. पण भारताचा तुकडा सरकत होता उत्तरेकडं. "चूल जागेवर राहिली, तवा पुढं गेला!" ती चूल आज मॉरिशसशेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिथला ज्वालामुखी अजून फुटतो. काकू म्हणतात, "इथला तवा मात्र मलाच उतरवायचाय. सरका."

कोयनेला जरा हादरा बसला की शेजारीपाजारी सरांच्या दारात. "सर, पुन्हा पेटणार का?" यावर सर मनातून खूश आणि तोंडानं संतप्त. ११ डिसेंबर १९६७चा भूकंपही ज्वालामुखीचा नव्हे. जमिनीतले तडे आणि धरणाचं पाणी! शास्त्रज्ञांनी कोयना भागात खोल भोकं पाडली, तर किलोमीटरभर काळ्या कातळाखाली थेट ग्रॅनाइट लागला. "थंड! निवांत झोपा." काहीजण जरा हिरमुसले होऊनच परततात.

खरी जुगलबंदी सांगलीत, सासुरवाडीला. मेहुणे हळदीचे व्यापारी. पुरणपोळीवर तूप पडेपर्यंत सर दम धरतात. मग, "तुमची काळी माती म्हणजे आमचा झिजलेला कातळ. कृष्णामाईनं महाबळेश्वरापासून आणून घातलाय. ऊस, हळद, तासगावची द्राक्षं, सगळं आमच्या भांडवलावर!"

मेहुणे शांतपणे दुसरी पोळी वाढून घेतात. "बरोबर आहे, दाजी. आणि २०१९ला आयर्विन पुलापाशी चढलेलं पाणी? तेही वरनंच आलं होतं."

सरांनी क्षणभरही वेळ घेतला नाही.

"ते खालच्या अलमट्टी धरणाला विचारा."