मेला नाही, मारलाय!

प्रत्येक आयटी ऑफिसात एक अण्णा असतात. सर्व्हर पडून तुम्ही घामाघूम झालात की ते चहाचा कप घेऊन येतात आणि शांतपणे विचारतात, "पडला, की पाडला?"

आमच्या अण्णांना 'क्रॅश' हा शब्दच खपत नसे. हिंजवडीत एकदा रात्री दोनला मायएसक्यूएल बसला. मी त्याचा लॉग चाळतोय. शेवटपर्यंत कण्हल्याची खूणसुद्धा नाही. अण्णा म्हणाले, "मयताची जबानी कसली घेतोस? सिग्नल ९ ने गेलेल्याला 'आई गं' म्हणायलाही सवड मिळत नाही. कर्नलचा लॉग बघ." तिथे ओळ होतीच : 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस'. अण्णांनी चहाचा घोट घेतला. "मेला नाही, मारलाय!"

मग पंचनामा. मशीन १६ जीबीचं, त्यात बफर पूलच १२ जीबीचा. साइट अडकते म्हणून कोणीतरी कनेक्शनची मर्यादा १५१ वरून १००० केलेली. आणि प्रत्येक कनेक्शनला सॉर्ट, जॉइनसाठी वेगळी मेमरी लागते. "दीडशे पानांचा स्वयंपाक आणि पत्रिका हजार!" वर त्याच मशीनवर रात्रीचा बॅकअप. मेमरी संपली की लिनक्सचा ओओएम किलर उठतो. "तो गुन्हेगार शोधत नाही रे. सगळ्यांत जास्त खाणारा दिसला की उडवतो."

पुढे कॅन्टीनचा मिक्सर जळला : "मारलाय!" कुंडीतला मनीप्लांट सुकला : "मारलाय!" माझा भाचा गणितात नापास झाला, तेव्हा मात्र "झाला नाही, केलाय!" एवढी सवलत मिळाली. वीट आला होता.

त्या रात्रीनंतरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "कनेक्शन कोणी वाढवली?" अण्णा कपात बघत म्हणाले, "लॉगमध्ये नाव नसतं, साहेब."

वाढवली होती मी. अण्णांना ते पहाटेच कळलं होतं.

गेल्या मार्चात कंपनीला खर्च आवरायचा होता. पगारांची यादी काढली, सगळ्यांत वर अण्णा. दुपारी चारला आत बोलावलं, सव्वाचारला कार्ड बंद. टेबलावर अर्धा चहा तसाच.

संध्याकाळी एचआरचा मेल आला : 'वैयक्तिक कारणास्तव कंपनी सोडून गेले.' मी तो तीनदा चाळला.

शेजारच्या नव्या पोराने विचारलं, "अण्णा गेले वाटतं?"

"गेले नाहीत," मी म्हणालो.