उंची १०८ फूट

आळंदहून बसवकल्याणला गेलात, तर संतसुधारक बसवण्णांना शोधावं लागत नाही. १०८ फुटांचा पुतळा लांबूनच दिसतो. देह हेच देऊळ मानणाऱ्या माणसाला आपण देवळाच्या कळसाहून उंच करून ठेवलं. आता त्यांना खाली उतरून जाब विचारायची सोय नाही.

शिवाय जानेवारी २०२१ मध्ये तिथंच नव्या अनुभव मंटपाची, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायी शरणांच्या सभास्थानाची, पायाभरणी झाली. खर्चाचा तेव्हाचा अंदाज ५०० कोटी. बाराव्या शतकात मडिवाळ माचय्या परीट आणि हरळय्या चांभार शरणांच्या मेळ्यात मानानं बसले, ते निविदा न काढताच.

आपला महाराष्ट्रही मागे नाही. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ला शिवरायांचा पुतळा उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. दोष वाऱ्याला दिला गेला. समोरचा सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षं तोच वारा खातो आहे!

बाकी गावोगावी रीत एकच. कोनशिलेवर महापुरुषाला एक ओळ. उरलेला संगमरवर मंत्री, आमदार, नगरसेवकांना. जयंतीला हार घालायला क्रेन, वाळलेला हार काढायला कुणी नाही.

हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांच्या लग्नावरून कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, रक्त सांडलं, असं परंपरा सांगते. आज तसं एक लग्न आपल्या गावात ठरवा. पुतळा समितीतले किती जण अक्षता टाकायला येतात, ते मोजा. स्मारकाची खरी उंची तेवढीच.