बॉडीतच अर्थ हाय

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा पुरात ५७ फुटांवर गेली आणि फोन बंद पडले तरी बोलता यावं म्हणून मी गाडीत हॅम रेडिओ बसवायचं मनावर घेतलं. परीक्षा देऊन परवाना केव्हाच मिळवला होता. अडलं होतं ते वायरिंगपाशी.

पहिला प्रयोग माझाच. लाईटरच्या सॉकेटात पिन खुपसली. सेट छान ऐकू लागला, पण बोलायला बटण दाबलं की डोळे मिटायचा. ५० वॉटचा सेट ऐकताना जेमतेम अर्धा-एक अँपिअर खातो, बोलताना दहाच्या आसपास. सॉकेटाच्या बारीक वायरीत तेवढ्यानं व्होल्टेज वाटेतच गळतं. ऐकणं स्वस्त, बोलणं महाग, हे आमच्या घराण्यात कुणाला पटलेलं नाही.

मग साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका मिस्त्रींकडे गेलो.

"सायेब, ह्यात गाणी लागत्यात?"

"नाही. सांगलीच्या अण्णांशी बोलायचंय."

"फोन उचलत न्हाईत का त्ये?"

मिस्त्रींनी प्लस थेट बॅटरीवरून घेतली, मायनस मात्र डॅशबोर्डखालच्या बोल्टला आवळली. "सगळ्या बॉडीतच अर्थ हाय की!" एखाद्या कीर्तनात शोभलं असतं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू लागले, तेव्हा मात्र मी हात धरला. फ्यूज वायर पेटू नये म्हणून असतो, तो बॅटरीजवळच हवा. "मग तुमीच करा" असं न म्हणता त्यांनी ऐकलं, हा त्यांचा मोठेपणा.

१४५ मेगाहर्ट्झच्या लहरींना डोंगर ओलांडायचा भारी कंटाळा, त्यामुळे सांगलीकडे निघालो तेव्हा आष्टा सोडल्यावरच अण्णा मिळाले.

"आधी गाडी ऐकू येतीय, मग तुम्ही!"

आल्टरनेटरची कुईं त्या अर्थपूर्ण बॉडीतून माझ्या बोलण्यात शिरत होती. ॲक्सिलरेटर दाबला की वरच्या सुरात, सोडला की खाली. अण्णांचं बालपण मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या शेजारात गेलेलं, कान तयार. घरबसल्या माझी गाडी हाकू लागले. "उसाच्या ट्रॉलीमागं अडकलाय... आता तुंगचा स्पीडब्रेकर... ओव्हरटेक मारताय? मारू नका!"

महिन्याभरानं मायनसही बॅटरीपासून वेगळी ओढली, तिलाही फ्यूज लावला. कुईं गेली. आष्ट्यापुढं गाडी रेटत मी ऐटीत विचारलं, "अण्णा, आता आवाज कसाय? ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर.

"गाडी कुठं बंद पडलीय तेवढं सांगा. दोर घेऊन निघतो. ओव्हर."